गोट्याचं पुस्तक छापण्याआधी

ताई, तुमचा प्रश्न आणि सोबत पाठवलेली गोष्ट, दोन्ही शांतपणे वाचलं. इतर वाचणाऱ्यांना संदर्भ लागावा म्हणून आधी प्रश्न थोडक्यात मांडतो. नागपुरात मानेवाड्याला तुमच्या घरी दोन कुत्री, गोट्या आणि भुरी. दोघांनाही तुम्ही रस्त्यावरून उचलून घरी आणलं. गोट्या बारा वर्षं तुमच्याजवळ राहिला आणि गेल्या वर्षी मे महिन्यात गेला. भुरी आहे. या दोघांवर तुम्ही ४,२०० शब्दांची बालकथा लिहिलीत. एका कंपनीनं ५०० प्रतींसाठी ६५ हजारांचं ‘पॅकेज’ सांगितलं आहे. हे पैसे द्यावेत का, स्वतः छापून घेणं जमेल का आणि चित्रांचं काय करायचं, असे तुमचे तीन प्रश्न आहेत.

मी नागपुरात २२ वर्षं मुलांच्या पुस्तकांचं संपादन आणि मांडणी करतो. स्वतःच्या खर्चानं पुस्तक काढणारे लेखक दरवर्षी येतात आणि बहुतेकांचा पहिला प्रश्न छपाईचाच असतो. तिन्ही प्रश्नांची उत्तरं देतो, पण तुमची अडचण मला छपाईच्या आधीची वाटते. तुमच्या गोष्टीत दोन पुस्तकं एकमेकांत मिसळली आहेत. एक गोट्याच्या आठवणींचं, घरच्यांसाठी. दुसरं मुलांचं. दोन्ही लिहिण्याजोगी आहेत. एकत्र बांधली तर मात्र दोन्हींचं नुकसान होईल.

तुमची पहिलीच ओळ घ्या: “गोट्या आमच्या घरात आला आणि आमचं आयुष्य बदलून गेलं.” मला ती भिडली, कारण मीही कुत्र्यांसोबत वाढलो. सहा वर्षांच्या मुलाला मात्र आयुष्य बदलणं म्हणजे काय ते ठाऊक नसतं, त्याला काही दिसतच नाही. पुढची तीन पानं गोट्याच्या प्रेमळपणाबद्दल आहेत आणि तो प्रेमळ आहे हे तुम्हीच सांगता आहात. मुलाला ते स्वतः ठरवू द्यायला हवं.

आणि मग नवव्या पानावर हे येतं: “लाइन गेली की कूलर बंद पडायचा. गोट्याला वाटायचं, कूलर झोपला. मग तो त्याच्यासमोर उभा राहून भुंकायचा. लाइन आली, कूलर सुरू झाला की शेपटी हलवत आमच्याकडे बघायचा, उठवलं की नाही त्याला!”

ताई, तुमचं पुस्तक इथे आहे. चार हजार शब्दांत हा प्रसंग तुम्ही पाच ओळींत आटोपलात आणि पुढे गेलात. यात सगळं आहे. नागपूरचा उन्हाळा आहे, घर आहे, एका कुत्र्याचा ठाम गैरसमज आहे आणि ऐकणाऱ्या मुलाला कुत्र्यापेक्षा थोडं जास्त कळतं, ही त्याची सगळ्यात मोठी गंमत आहे. मुलाचा पुढचा प्रश्नही ठरलेला: एखाद दिवशी गोट्या भुंकला, भुंकला आणि कूलर उठलाच नाही तर? गोष्ट तिथून चालायला लागते. भुरी काय करते, टाकी कोरडी असते का, घरातलं कोण जागं होतं, हे तुम्ही ठरवा. ही सबंध गोष्ट सहाशे-सातशे शब्दांत बसेल.

आता परिस्थितीवर काय अवलंबून आहे ते सांगतो, कारण सरसकट उत्तर देता येणार नाही. वाचक चार ते सात वर्षांचा असेल, तर ३२ पानांचं चित्रपुस्तक आणि ५०० ते ८०० शब्द, यापुढे जाऊ नका. आठ ते अकराचा असेल, तर तुमचे चार हजार शब्द चालतील, चित्रं कमी आणि काळी-पांढरी रेखाटनं पुरतील, खर्चही बराच उतरेल. पण मग त्या वयाला गोट्या आणि भुरीसोबत एक मूलही हवं, ज्याला काहीतरी हवं आहे आणि ते मिळत नाही. तुमच्या गोष्टीत तसं मूल नाही. म्हणून माझा कौल चित्रपुस्तकाला. अंदाज यायला मुलांची पुस्तकं काढणाऱ्या प्रथम बुक्स या संस्थेचं स्टोरीविव्हर हे संकेतस्थळ बघा. २०१५ पासून सुरू आहे, मराठी गोष्टी मोफत वाचता येतात आणि त्या चार वाचनपातळ्यांत लावलेल्या आहेत. दुसऱ्या पातळीच्या दहा गोष्टी मोठ्यानं वाचा. एका पानावर किती कमी शब्दांत काम होतं ते कानाला कळेल.

गोट्याच्या जाण्याबद्दल. तुम्ही शेवटी लिहिलंय, “आणि एके दिवशी गोट्या शांत झोपला, तो उठलाच नाही.” हे वाक्य काढाच, असं मी आग्रहानं सांगेन. माझ्याकडच्या एका पुस्तकात आजोबांबद्दल असंच लिहिलं होतं. पुस्तक आल्यावर एका आईनं मला सांगितलं की तिची मुलगी आठवडाभर झोपायला तयार नव्हती. त्या दिवसापासून लहानांच्या गोष्टीत मरणाला झोप म्हणायचं नाही, हे मी पाळतो. तुमच्या बाबतीत तर आणखी एक कारण आहे. तुमच्या गोष्टीत कूलर झोपतो आणि भुंकल्यावर उठतो. मग शेवटी गोट्या झोपला, तर मूल विचारणारच: भुरी जोरात भुंकली तर तो उठेल ना? त्याला काय सांगणार? एक तर ‘गोट्या म्हातारा झाला आणि मेला’ असं साधं, स्पष्ट लिहा आणि पुढची दोन पानं त्यासाठी ठेवा. नाहीतर गोष्टीत तो जिवंतच राहू द्या आणि अर्पणपत्रिकेत त्याचं नाव, वर्षं आणि एक छोटा फोटो द्या. पहिल्या पुस्तकासाठी मला दुसरा मार्ग बरा वाटतो. अर्पणपत्रिका मोठी माणसं वाचतात आणि मुलाला सांगायचं की नाही, ते त्यांच्या हातात राहतं.

मसुद्यात काही जागा दुरुस्त करायलाच हव्यात, कारण मुलं पुस्तकातलं बघून तसं करतात. एका पानावर छोटी मुलगी गोट्याला सत्यनारायणाचा शिरा भरवते. शिऱ्यात मनुका असतात, आणि मनुका-द्राक्षांनी कुत्र्याचं मूत्रपिंड निकामी होऊ शकतं. चॉकलेट आणि कांदाही त्यांना घातक. शिऱ्याऐवजी साधी पोळी करा. दुसऱ्या ठिकाणी मुलगी रस्त्यावरच्या भुरीला पहिल्याच भेटीत मिठी मारते. भावना कळली, पण अनोळखी कुत्र्याला मिठी मारायची नसते, खाणाऱ्या किंवा झोपलेल्या कुत्र्याला हात लावायचा नसतो. चित्रात मुलगी दोन हात अंतरावर उकिडवी बसलेली दाखवा आणि भुरी स्वतःहून पुढे येऊन तिचा हात हुंगते आहे, असं करा. गोष्ट उलट जास्त खरी होईल, कारण आता ओळख भुरीनं करून घेतली. तसंच ‘गोट्यानं चावलं पण आम्ही हळद लावली, झालं’ हे वाक्य तर अजिबात नको. चावलं किंवा ओरखडलं, तर जखम साबण आणि वाहत्या पाण्यानं पंधरा मिनिटं धुवायची आणि लगेच दवाखान्यात जायचं. रेबीज झाल्यावर त्याच्यावर उपाय नाही. हा उपदेश पुस्तकात छापायची गरज नाही, फक्त उलट काही छापू नका.

आणि कूलर! विदर्भात दर उन्हाळ्यात कूलरचा करंट लागून माणसं दगावतात, त्यात मुलंही असतात. तुमच्या पुस्तकाचा नायक कूलरच आहे, तेव्हा एकाही चित्रात मुलाचा हात त्याच्या पत्र्याला लागलेला नको. टाकीत पाणी मोठं माणूस भरतं, आधी बटण बंद करतं, प्लग काढतं. हे चित्रात आपोआप दिसू द्या. हस्तलिखित एकदा तुमच्या पशुवैद्यांना वाचायला द्या, त्यांना अर्धा तासही लागणार नाही.

भाषेचं तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगतो. तुमचं निवेदन पुस्तकी मराठीत आहे आणि संवादही. मानेवाड्याच्या घरातली आजी “तू इथे का बसला आहेस?” असं गोट्याला म्हणते, ते कानाला खोटं वाटतं. ती म्हणेल, “काऊन बे गोट्या, इथं काऊन बसला?” निवेदन सोपं प्रमाण मराठी ठेवा आणि संवाद आपल्या बोलीत येऊ द्या. पुण्या-साताऱ्याच्या मुलाला ‘काऊन’ संदर्भानं कळतं, मी ते वाचून दाखवताना पाहिलं आहे. उलट आपल्याकडच्या पोट्ट्यांना स्वतःच्या घरातलं बोलणं छापलेलं दिसलं की ती सरसावून बसतात. दुसरं, तुम्ही मध्येच गोट्याला ‘ते’ म्हणता, कारण कुत्रं ते. गोट्या ‘तो’ आणि भुरी ‘ती’, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. नव्यानं वाचायला शिकणाऱ्यांसाठी जोडाक्षरं कमी ठेवा. ‘अस्वस्थ’ऐवजी ‘बेचैन’ चालतं, ‘प्रतीक्षा’ऐवजी ‘वाट’.

मसुदा झाला की मुलांना वाचून दाखवा. घरच्या मुलांना नको, ती गोट्याला ओळखतात. शेजारच्या वाचनालयात किंवा एखाद्या शाळेच्या दुसरीच्या वर्गात परवानगी काढून जा. वाचताना तुमच्यासोबत एक जण मागे बसवा आणि त्याला एवढंच टिपायला सांगा: मुलं कोणत्या ओळीला पंख्याकडे बघायला लागली. त्या ओळी कापायच्या. ‘आवडली का?’ विचारू नका, सगळी हो म्हणतात. ‘गोट्याला काय वाटत होतं?’ हे विचारा.

आता चित्रं. चित्रपुस्तकात सर्वांत जास्त पैसा आणि वेळ इथे जातो आणि जायलाच हवा. ३२ पानांत शीर्षक आणि श्रेयपानं वगळली की समोरासमोरच्या पानांच्या साधारण १४ जोड्या उरतात, म्हणजे १४ मोठी चित्रं आणि मुखपृष्ठ. चांगला चित्रकार यासाठी तीन-चार महिने मागतो आणि ते योग्यच आहे. आपल्या शासकीय चित्रकला महाविद्यालयातून शिकून बाहेर पडलेली मुलं-मुली नागपुरात आहेत. त्यांची आधीची कामं बघा, एक चित्र पैसे देऊन करून घ्या आणि मग ठरवा. ‘पुस्तकावर नाव येईल’ एवढ्यावर कोणाला राबवू नका.

चित्रकाराला गोट्याचे आणि भुरीचे चाळीसेक फोटो द्या: बसलेले, धावतानाचे, पाठमोरे, झोपलेले. मग त्याच्याकडून आधी दोघांचा एक-एक तक्ता करून घ्या, सगळ्या बाजूंनी काढलेला. तुम्ही लिहिलंय की गोट्याचा उजवा कान दुमडलेला होता आणि डाव्या पुढच्या पायाला पांढरा मोजा. हे तक्त्यावर लिहून ठेवा. माझ्या एका पुस्तकात पांढरा पाय एका पानावर उजवा झाला. आम्ही चार मोठी माणसं प्रूफं वाचत होतो, कोणालाच दिसलं नाही. छापून आल्यावर पाच वर्षांच्या मुलानं पहिल्या वाचनात बोट ठेवलं आणि विचारलं, “हा दुसरा कुत्रा आहे का?”

संगणकाकडून आपोआप चित्रं काढून घेण्याबद्दल तुम्ही विचारलंत. मी तो सल्ला देत नाही. दर पानावर कुत्रा थोडा वेगळा येतो, हे एक. त्या चित्रांची मालकी कोणाची, हे आपल्याकडे अजून स्पष्ट नाही, हे दुसरं. आणि तिसरं, तुमच्या प्रश्नाच्या मुळाशी असलेलं कारण: तुम्हाला गोट्या हवा आहे. त्याचा दुमडलेला कान बघून, हसून काढणारं माणूस हवं.

चित्रकाराशी लेखी करार करा, दोन पानांचा पुरतो. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात हक्क दुसऱ्याला देणं लेखीच असावं लागतं. किती वर्षांसाठी हे लिहिलं नसेल तर ते पाच वर्षं धरलं जातं आणि कुठे हे लिहिलं नसेल तर फक्त भारतापुरतं. म्हणून मुदत, प्रदेश, ई-पुस्तक, दुसऱ्या भाषेतली आवृत्ती, पिशव्या किंवा कॅलेंडरवर चित्र वापरायचं का, हे सगळं लिहून ठेवा. मूळ चित्रं त्याच्याकडे राहणार की तुमच्याकडे, तेही. चित्रकाराचं नाव मुखपृष्ठावर तुमच्या नावाएवढंच ठळक घ्या.

आता त्या ६५ हजारांच्या पॅकेजकडे येतो. अशी पॅकेजं सरसकट वाईट नसतात. ज्याला धावपळ शक्य नाही आणि पुस्तक घरच्यांसाठी हवं आहे, त्याला सोय होते. पण त्यांच्याकडून प्रत्येक गोष्टीचा वेगळा दर लिहून मागा. तुम्ही पाठवलेल्या यादीत ‘आयएसबीएन नोंदणी’ आणि ‘कॉपीराइट संरक्षण’ यांचे पैसे लावले आहेत. आयएसबीएन म्हणजे पुस्तकाचा ओळखक्रमांक, तो भारतात मोफत मिळतो. शिक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीतली राजा राममोहन रॉय राष्ट्रीय आयएसबीएन संस्था तो देते, अर्ज ऑनलाइन करायचा असतो आणि लेखक स्वतःच्या नावानंही करू शकतो. कंपनीनं तिच्या नावावर घेतला, तर नोंदीत प्रकाशक ती कंपनी असते, तुम्ही नाही. कॉपीराइट तर तुम्ही लिहिलंत त्याच क्षणी तुमचा झाला. नोंदणी ऐच्छिक आहे, वाद झाला तर पुरावा म्हणून उपयोगी पडते. हक्क तुमच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षं टिकतो.

पॅकेजवाल्यांना आणखी तीन गोष्टी विचारा. छपाईच्या मूळ फायली मला मिळतील का? दुसरीकडे छापायची मोकळीक राहील का? या रकमेत चित्रं किती आणि कोण काढणार? तुमच्या कागदात ‘१० चित्रे समाविष्ट’ एवढंच आहे, चित्रकाराचं नाव नाही. १४ जोड्यांच्या पुस्तकाला १० चित्रं पुरत नाहीत आणि निनावी चित्रकारावर मी पैसे लावणार नाही. हे पॅकेज या स्वरूपात घेऊ नका, असं माझं स्पष्ट मत आहे.

स्वतः छापायचं तर ते अवघड नाही. महाल, गणेशपेठ, धंतोली या भागांत छपाईची कामं करणारे आहेत, तीन ठिकाणचे दर लेखी घ्या. आकार ठरवताना कागदाचा विचार करा. वीस बाय तीस इंचांच्या डबल क्राउन कागदाच्या एका बाजूला साडेसात बाय दहाची (कडा कापण्याआधीचं माप) आठ पानं बसतात, दोन्ही बाजू मिळून १६ पानांचा फर्मा, म्हणजे एका कागदातून घडी घालून होणारा पानांचा संच. दोन फर्म्यांत तुमची ३२ पानं झाली, काही वाया गेलं नाही. साडेआठ इंचांचा चौकोनी आकार दिसतो सुंदर, पण त्याच कागदावर एका बाजूला सहाच पानं बसतात. आतला कागद १३० जीएसएमचा (जीएसएम म्हणजे कागदाचं वजन) मॅट आर्ट, मुखपृष्ठ ३०० जीएसएमचं आर्ट कार्ड मॅट लॅमिनेशनसह, बांधणी सेंटर पिन, म्हणजे मधोमध पिना मारलेली. ग्लॉसी कागद टाळा. ट्यूबलाइटखाली चकाकतो आणि आईच्या मांडीवर बसलेल्या मुलाला चित्र नीट दिसत नाही.

प्रती किती? माझं उत्तर २००, डिजिटल छपाईत. ऑफसेटला, म्हणजे प्लेट करून वर सांगितल्यासारख्या मोठ्या कागदावर होणाऱ्या छपाईत, प्रत स्वस्त पडते, पण ते पाचशेच्या पुढे परवडतं आणि पहिल्याच पुस्तकाच्या पाचशे प्रती विकणं कष्टाचं काम आहे. पावसाळ्यात आपल्या घरांत ओल धरते, गठ्ठ्यातल्या खालच्या प्रती लहरतात, कसर लागते. दिवाणाखाली दहा वर्षं पडून राहिलेली पुस्तकं मी अनेक घरांत पाहिली आहेत. दोनशे संपल्या की छापा पुन्हा, फायली तुमच्याकडेच आहेत.

हिशेब कसा बसतो ते एका काल्पनिक उदाहरणानं दाखवतो, आकडे तुमच्या कोटेशनप्रमाणे बदला. समजा, एक प्रत ७० रुपयांना पडली आणि किंमत २०० ठेवली. दुकानदार ४० टक्के घेतो असं धरा, म्हणजे ८० गेले. उरलेल्या १२० मधून छपाईचे ७० वजा केले, हाती ५०. चित्रकाराला ३० हजार दिले असतील, तर ते निघायला ६०० प्रती दुकानातून विकायला हव्यात. त्याच प्रती तुम्ही स्वतः विकल्या तर हाती १३० येतात आणि २३१ प्रतींत चित्रांचा खर्च सुटतो. म्हणून पहिली आवृत्ती हातोहात विकायची, दुकानांत मोजक्याच ठेवायच्या. छापील पुस्तकाच्या विक्रीवर जीएसटी नाही, पण छपाईच्या बिलावर लागू शकतो. कोटेशन घेताना करासहित आकडा विचारा.

फायलींबद्दल एक सावधगिरी, कारण इथे मी स्वतः ठेच खाल्ली आहे. एका पुस्तकाचा मजकूर जुन्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये (सगळ्या संगणकांवर सारख्या चालणाऱ्या अक्षरपद्धतीत) आणताना ‘बऱ्याच’चं ‘बर्याच’ झालं आणि काही ठिकाणी वेलांट्या सरकल्या. मी पडद्यावर पाहून होकार दिला होता, कागदावर काढून वाचलं नव्हतं. तीनशे प्रतींवर शुद्धिपत्राच्या पट्ट्या चिकटवत आम्ही दोन रात्री बसलो. तेव्हा सुरुवातीपासून युनिकोडमध्येच काम करा, छापखान्याला फॉन्ट बसवलेली पीडीएफ द्या आणि एक पूर्ण प्रत त्याच कागदावर छापून घेऊन मोठ्यानं वाचा. फॉन्ट निवडताना ल आणि श मराठी वळणाचे आहेत का बघा, अनेक फॉन्टांत ते हिंदी वळणाचे येतात आणि दुसरीतलं मूल अडखळतं. ‘एक टाइप’ या संस्थेचा ‘मुक्त’ (Mukta) हा मोफत मिळणारा फॉन्ट लहानांसाठी सुटसुटीत आहे, तरी ही दोन अक्षरं मांडणीत तपासाच. अक्षर १८ पॉइंटच्या खाली नको. चित्रं ३०० डीपीआय (छपाईला पुरेल एवढ्या बारकाईची), सीएमवायकेमध्ये (छपाईच्या चार शाईंच्या रंगपद्धतीत), चारही बाजूंनी तीन मिलिमीटर जास्तीची.

श्रेयपानावर प्रकाशक म्हणून तुमचं नाव आणि शहर, मुद्रकाचं नाव-पत्ता, आयएसबीएन, वर्ष, किंमत आणि चित्रकाराचं नाव घ्या. पुस्तक आल्यावर १९५४ च्या कायद्याप्रमाणे ३० दिवसांच्या आत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि मुंबई, चेन्नई, दिल्लीच्या ठरलेल्या ग्रंथालयांना एकेक प्रत स्वखर्चानं पाठवायची असते. बहुतेक जण हे विसरतात. तुम्ही पाठवा, गोट्याचं पुस्तक देशाच्या ग्रंथालयात कायम राहील.

विक्रीसाठी पहिली जागा पशुवैद्यांचा दवाखाना. तिथे बाकावर मुलं आपल्या कुत्र्याला घेऊन वाट बघत बसलेली असतात, एक प्रत वाचायला ठेवा आणि पाच विकायला. मग शाळांची प्रदर्शनं, वाढदिवस, आणि आपल्याकडचा तान्हा पोळा. लाकडी बैल घेऊन दारोदार येणाऱ्या मुलांना बोजारा, म्हणजे सणाची भेट, म्हणून गोष्टीचं पुस्तक देणारी माणसं मी ओळखतो. वस्तीतल्या एखाद्या मंडळाशी बोलून बघा, एकरकमी पन्नास प्रती जाऊ शकतात. सीताबर्डीला विदर्भ साहित्य संघात एक प्रत नक्की द्या. गावोगाव पाठवायला टपाल खात्यानं मे २०२५ मध्ये पुस्तकांसाठी ‘ज्ञान पोस्ट’ सुरू केलं आहे, नेहमीच्या पार्सलपेक्षा स्वस्त पडतं, मात्र पुस्तकावर मुद्रक किंवा प्रकाशकाचं नाव छापलेलं असावं लागतं. तुमचं पुस्तक त्यात बसतं का, ते काउंटरवर आधी विचारून घ्या. ई-पुस्तक नंतर बघू, मांडीवर घेऊन वाचायचं पुस्तक आधी कागदावर यावं. स्टोरीविव्हरवर टाकायचा मोह झाला तर एवढं लक्षात ठेवा: तिथे टाकलेली गोष्ट तुमचं नाव देऊन कोणीही वापरू शकतो, विकूही शकतो, आणि दिलेली परवानगी मागे घेता येत नाही.

स्वतः छापण्याआधी चार-सहा महिने हाताशी असतील, तर नवा मसुदा चित्रपुस्तकं काढणाऱ्या दोन-तीन प्रकाशकांना पाठवा, उदाहरणार्थ ज्योत्स्ना प्रकाशन किंवा प्रथम बुक्स. त्यांनी घेतलं तर चित्रांचा भार तुमच्यावर राहत नाही. नाही म्हणाले तरी तोवर तुमचं वाचन करून बघणं आणि काटछाट चालूच राहील.

आठवणींची ती चार हजार शब्दांची वही मात्र तशीच ठेवा, एक शब्दही कापू नका. तिच्या दहा प्रती स्पायरल करून घरच्यांना द्या, गोट्याच्या सगळ्या फोटोंसकट.

आणि मला एक सांगा. तुमच्या लिखाणात गोट्या कूलरसमोर भुंकतो तेव्हा भुरी नेहमी पायरीवर बसून नुसती बघते, ती कधी भुंकत नाही. यंदाचा उन्हाळा तिनं त्याच्याशिवाय काढला. दुपारी लाइन गेली, कूलर बंद पडला, तेव्हा भुरीनं काय केलं? हे तुम्ही कुठेच लिहिलेलं नाही. आठवून कळवा, मग शेवटचं पान ठरवू.